ट्राम गेली, रस्ता कोणाचा झाला?

दादर स्टेशनाच्या पूर्वेस थोडें चालून गेलें म्हणजे एक मोठा वाटोळा चौक लागतो. नकाशांत त्याचें नांव खोदादाद सर्कल असें दिलेलें असतें. पण टॅक्सीवाला, बसचा कंडक्टर, भाजीवाली ह्यांपैकीं कोणीही तें नांव घेत नाहीं. सर्वजण 'टी. टी.' म्हणतात. हीं दोन अक्षरें कशाचीं, असें तेथल्या बसच्या रांगेंत मीं एकदां चार तरुणांना विचारलें. तिघांना सांगतां आलें नाहीं, चौथा मोठ्या आत्मविश्वासानें म्हणाला, "टॅक्सी टर्मिनस." त्याची चूक पाहून हसूं आलें खरें, पण मागाहून वाटलें कीं ह्या चुकींत मुंबईच्या साठ वर्षांचा इतिहासच आला. तीं अक्षरें 'ट्राम टर्मिनस' ह्या शब्दांचीं आहेत. बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम आली ती १९६४ च्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेस. त्यानंतर तारा उतरल्या, रूळ डांबराखालीं गेले. नांव मात्र लोकांनीं अद्याप सोडलेलें नाहीं.

मुंबईच्या ट्रामविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें तें बहुधा आठवणींच्या सुरांत असतें. घंटेचा आवाज, वरच्या मजल्यावरचा वारा, आण्या-दोन आण्यांचें तिकीट, रमतगमत जाणारी गाडी. ह्या आठवणी गोड आहेत, व त्यांना आमची हरकत नाहीं. परंतु त्या सुरामुळें असा एक समज दृढ होऊन बसतो कीं, पालखी गेली, शिग्राम गेला, तशीच काळाच्या ओघांत ट्रामही आपोआप मागें पडली. वस्तुस्थिति तशी नाहीं. ट्राम घालविण्यांत आली. तसा निर्णय झाला, त्याला कारणें देण्यांत आलीं, आणि त्या निर्णयानें शहराच्या मालकीच्या एका मोजक्या वस्तूची वांटणी बदलून टाकली. ती वस्तु म्हणजे रस्ता. आज सार्वजनिक वाहनें वाढवावीं, मोटारी कमी कराव्या, हवा स्वच्छ राखावी असें सरकारी धोरणपत्रांत वारंवार वाचावयास मिळतें. हा प्रश्न नवा आहे असें मानणाऱ्यांनीं ट्रामची हकीकत एकदां ह्या दृष्टीनें वाचून पाहावी.

गोविंद नारायण माडगांवकरांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत ट्राम सांपडणार नाहीं. त्या वेळीं श्रीमंताला शिग्राम किंवा बग्गी, मध्यम स्थितींतल्या माणसाला रेकला, आणि बाकी सर्वांना आपले पाय, अशी वांटणी होती. आगगाडी १८५३ च्या १६ एप्रिलला सुरू झाली होती, परंतु ती शहराबाहेर जाणाऱ्यांसाठीं. शहरांतल्या शहरांत फिरण्यास तिचा उपयोग थोडा. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढला, मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि त्या भरांत १८६५ सालीं स्टर्न्स आणि किटरेज ह्या अमेरिकन पेढीनें घोड्यांची ट्राम घालण्याचा विचार पुढें आणला. त्याच वर्षीं युद्ध संपलें, शेअरांचा बाजार कोसळला, आणि कित्येक मोठ्या बेतांबरोबर हा बेतही बारगळला. पुढें १८७३ मध्यें बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली व १८७४ च्या ९ मे रोजीं घोड्यांची ट्राम धांवूं लागली. एक फांटा कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरापासून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. कुलाब्याहून पायधुणीचें भाडें आरंभीं तीन आणे होतें. मजुराला तें परवडणारें नव्हतें; तें पुढें उतरलें, आणि उतरलें तेव्हांच ट्राम खऱ्या अर्थानें शहराची झाली.

येथें रुळाविषयीं थोडें बोलणें अवश्य आहे. घोडा तोच, रस्ता तोच. मग लोखंडाच्या दोन पट्ट्यांनीं असा काय फरक पडला? एक फरक यंत्रशास्त्राचा. खडीच्या रस्त्यापेक्षां रुळावर चाकाला घर्षण फार कमी, म्हणून तेवढेच घोडे अनेक पट माणसें ओढूं शकतात व भाडें उतरवितां येतें. दुसरा फरक कायद्याचा म्हणावा असा आहे. रूळ म्हणजे रस्त्याच्या मध्यावर सार्वजनिक वाहनाला दिलेली सनद. त्या पट्ट्यांवर बग्गी उभी राहिली तर तिला हटावें लागे; आंत बसलेला गृहस्थ कितीही मोठा असो. ही सनद कोणीं समारंभपूर्वक वाचून दाखविली नाहीं, पण ती लोखंडांत लिहिलेली असल्यामुळें सर्वांना समजत होती.

विजेची ट्राम १९०७ च्या ७ मे रोजीं आली. १९०५ सालीं स्थापन झालेली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी दिवेही पुरवी आणि गाड्याही चालवी. घरांत विजेचा दिवा असणें ही तेव्हां थोड्यांची चैन होती. विजेच्या गाडींत बसणें ही मात्र थोड्याच वर्षांत कोणाचीही गोष्ट झाली. गर्दी इतकी वाढली कीं १९२० च्या सप्टेंबरांत दुमजली ट्राम आणावी लागली. ही वीज कोठून येई तेंही पाहण्यासारखें आहे. आरंभीं ती कोळशाची होती. परंतु १९१५ सालीं टाटांचें खोपोलीचें जलविद्युत केंद्र सुरू झालें, आणि १९२६ पासून ट्रामच्या कंपनीनेंही टाटांची वीज घेण्यास प्रारंभ केला. म्हणजे लोणावळ्याच्या डोंगरावर पडलेल्या पावसानें लालबागची ट्राम चालूं लागली! ज्याला हल्लीं 'हरित वाहतूक' असें भारदस्त नांव देतात ती मुंबईंत त्या काळीं नित्याची बाब होती. अर्थात् ही वीज फुकट होती असें कोणीं समजूं नये. टाटांच्या पुढच्या धरणासाठीं मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या, आणि १९२१ ते १९२४ पर्यंत सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं सत्याग्रह केला. शहराच्या सोयीची किंमत शहराबाहेरच्या माणसानें द्यावी, हा आपला जुना रिवाज आहे. स्वच्छ हवेच्या नांवाखालींसुद्धां तो चालूं शकतो, हें आज विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाचें कौतुक करतांना ध्यानांत ठेवावें.

ट्रामनें केवळ माणसें वाहिलीं नाहींत. तिनें शहराचा आकारही ठरविला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, दाटीच्या वस्त्यांतून नवे रस्ते काढण्यांत आले, आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागेवर वसाहती आंखल्या गेल्या. परंतु गिरगांवच्या चाळींतला कारकून दादरला राहावयास जाणार कसा? कचेरी तर कोटांत. लोकलगाडी आणि ट्राम ह्या दोहोंनीं हा प्रश्न सोडविला. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी सुरू झाली; आणि लोकल जेथें सोडील तेथून पुढें नेण्यास ट्राम होतीच. आधीं वाहन, मग घर, हा क्रम होता. मोटार नसलेल्या माणसाला राहतां येईल असें शहर त्यामुळें उभें राहिलें. आज मुंबईच्या भोंवतीं ज्या नव्या वसाहती उठतात तेथें आधीं इमारती, मग इमारतीखालीं मोटारींचे मजले, आणि बस आलीच तर सर्वांच्या शेवटीं, असा क्रम दृष्टीस पडतो. तेथल्या रहिवाशानें मोटार घेतली तर त्याला दोष कसा द्यावा?

मोटारबस १९२६ च्या १५ जुलैस अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत सुरू झाली. कित्येक वर्षें ती जरा वरच्या वर्गाची समजली जात असे; गरिबाची गाडी ट्रामच. दोहोंची मालकी एकाच कंपनीची होती, म्हणून त्यांच्यांत उघड भांडण नव्हतें. पुढें १९४७ च्या ७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या अवघे आठ दिवस आधीं, मुंबई महापालिकेनें सर्व कारभार आपल्या ताब्यांत घेतला आणि तो 'बेस्ट' ह्या नांवानें चालूं लागला. परक्या भांडवलाची ट्राम लोकांची झाली. आणि लोकांची झाल्यावर सतरा वर्षांच्या आंत ती बंद पडली! ह्यांत कोणाचें कपट होतें असें आमचें म्हणणें नाहीं. युद्धकाळांत गाड्यांची आणि रुळांची झीज झाली होती. दुरुस्तीला पैसा मोठा लागत होता. कित्येक मार्ग तोट्यांत होते. ट्राम रस्त्याच्या मध्यावर थांबे, आणि उतरणाऱ्या बायकामुलांना बाजूच्या गाड्यांतून वाट काढीत पदपथ गांठावा लागे, हेंही खोटें नाहीं. १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला.

परंतु ह्या सर्व कारणांच्या शिरोभागीं एक कारण सर्वांच्या तोंडीं होतें: ट्राममुळें वाहतुकीला अडथळा होतो. ह्या वाक्यावर थोडा वेळ थांबावें असें आम्हांस वाटतें. ट्राम ही स्वतः वाहतूक नव्हती काय? शंभराच्या आसपास माणसें घेऊन जाणारी गाडी जर वाहतूक नसेल, तर मग वाहतूक म्हणजे कोण? ह्या एका वाक्यांत 'वाहतूक' ह्या शब्दाचा अर्थ नकळत बदलला होता. पूर्वीं त्याचा अर्थ माणसांचें जाणें-येणें असा होता. आतां त्याचा अर्थ मोटारींचें जाणें-येणें असा झाला. शब्दाचा अर्थ बदलला कीं पुढचा निर्णय आपोआप होतो. जी मोटार एक-दोन माणसांना घेऊन रुळावर येऊन उभी राहिली ती वाहतूक ठरली, आणि जी ट्राम तिच्या मागें घंटा वाजवीत खोळंबली ती अडथळा ठरली.

हा अर्थ मुंबईपुरता नव्हता. तीच हवा त्या काळीं जगभर होती. लंडनची शेवटची ट्राम १९५२ सालीं गेली. पॅरिसनें तर शहरांतली ट्राम दुसऱ्या महायुद्धाच्या आधींच काढून टाकली होती. मुंबईनें विल्बर स्मिथ ह्या अमेरिकन सल्लागार कंपनीकडून वाहतुकीची पाहणी करविली. तिचा अहवाल १९६३ सालचा. त्यांत बेटाच्या कडेकडेनें जाणारे मोटारींचे द्रुतगति मार्ग सुचविले होते. १९६४ त ट्राम बंद झाली, आणि १९६५ त केम्प्स कॉर्नरला मुंबईचा पहिला उड्डाणपूल खुला झाला. तीन वर्षांतल्या ह्या तीन तारखा एका ओळींत मांडल्या म्हणजे निराळें भाष्य करण्याचें कारण उरत नाहीं. ट्रामच्या तारांचा थोडा वारसा १९६२ त सुरू झालेल्या ट्रॉलीबसनें चालविला. तीही १९७१ त बंद झाली.

बसनें ट्रामची जागा घेतली असें म्हणतात. माणसें वाहण्यापुरतें तें खरें आहे, आणि बेस्टच्या ड्रायव्हर-कंडक्टरांनीं तें काम किती निष्ठेनें केलें हें पावसाळ्यांत मुंबईंत राहिलेल्यांना सांगावयास नको. परंतु ट्रामची सनद बसला मिळाली नाहीं. बसचा मोठा गुण असा सांगत कीं ती रुळाला बांधलेली नाहीं. वाटेल तिकडे वळवितां येते. तोच गुण पुढें तिच्या मुळावर आला. जी वाटेल तिकडे वळवितां येते ती बाजूलाही सारतां येते. रूळ उखडण्यास सभा, ठराव, खर्च, सर्व कांहीं लागतें. बसचा मार्ग बंद करण्यास एक सूचनाफलक पुरतो. बारा मीटर लांबीच्या बसच्या जागेंत दोन, फार तर तीन मोटारी मावतात. बसमध्यें साठ माणसें, मोटारींत मिळून चार-पांच. आणि चौकांतला दिवा हिरवा झाला म्हणजे दोघांनाही सारखाच न्याय! शिवाय बस प्रवासी उतरवून पुढें जाते. मोटार धन्याला उतरवून आठ तास तेथेंच रस्त्याची जागा अडवून बसते, आणि त्या जागेचें भाडें बहुतेक ठिकाणीं कोणी मागत नाहीं.

पुढचा इतिहास लांब आहे, पण एकाच दिशेचा. १९९५ नंतर पंचावन्न उड्डाणपुलांची योजना निघाली. ज्या पायधुणीला १८७४ त पहिली ट्राम पोंचली, तिच्या जवळून २००२ सालीं जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंतचा लांबलचक उड्डाणपूल गेला. खालीं महंमद अली रस्त्यावर जी माणसें चालतात त्यांच्या माथ्यावर सांवलीखेरीज त्यानें कांहीं घातलें नाहीं. १९६३ च्या अहवालांतील पश्चिम किनाऱ्याच्या कल्पनेचा एक तुकडा २००९ सालीं वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या रूपानें उभा राहिला, दुसरा २०२४ च्या मार्चपासून किनारी रस्त्याच्या रूपानें खुला होऊं लागला. दोन्ही कामें स्थापत्याच्या दृष्टीनें थोर आहेत. पाहतांना अभिमान वाटतो. परंतु सागरी सेतूवर पायीं जाण्यास मनाई, सायकलीला मनाई, दुचाकीला मनाई. २००८ सालीं पुऱ्या झालेल्या वाहतूक-अभ्यासांत असें आढळलें होतें कीं मुंबई महानगर प्रदेशांतल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या लोक पायींच करतात. म्हणजे सर्वांत मोठ्या खर्चाचा रस्ता असा बांधला गेला कीं ज्यावर सर्वांत मोठ्या वर्गाला पाऊल ठेवतां येत नाहीं. केंद्र सरकारचें राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ सालीं जाहीर झालें. रस्त्याची वांटणी वाहनांकडे न पाहतां माणसांकडे पाहून करावी, असें तत्त्व त्यांत स्पष्ट मांडलेलें आहे. सागरी सेतु त्यानंतर तीन वर्षांनीं खुला झाला. त्याच २००६ च्या डिसेंबरांत पुण्यानें कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठीं वेगळी पट्टी राखण्याचा प्रयोग आरंभिला. त्या पट्टींत मोटारी शिरूं नयेत म्हणून जी झटापट करावी लागली तिनेंच तो जेरीस आला. एका पट्टीची सनदही आपल्याला राखतां आली नाहीं.

बेस्टच्या बसगाड्या २०१० च्या सुमारास साडेचार हजारांच्या घरांत होत्या. पुढच्या दीड दशकांत त्या तीन हजारांच्या आसपास येऊन ठेपल्या, आणि त्यांतल्याही बहुतांश कंत्राटदारांच्या. २०१९ च्या जुलैंत किमान भाडें पांच रुपये केलें तेव्हां प्रवासी झपाट्यानें परतले, म्हणजे लोकांना बस नको होती असें नाहीं. २०२५ त तें भाडें पुन्हां दुप्पट झालें. बस तोट्यांत चालते हें वाक्य आपण नेहमीं ऐकतों. उड्डाणपूल नफ्यांत चालतो कीं तोट्यांत, असें विचारणारा मनुष्य आमच्या पाहण्यांत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं झालें तें झालें. रस्त्यांची वांटणी एकदां बदलली कीं ती परत फिरत नाहीं. ह्या म्हणण्याला उत्तर देण्यास दोन परक्या गांवांची हकीकत उपयोगी आहे, आणि तीं दोन्ही गांवें ट्राम काढून टाकून पस्तावलेलीं आहेत. फ्रान्समध्यें नांत शहरानें पुन्हां ट्राम घालण्याचें ठरविलें. तेव्हां महापौर आलें शेनार हे होते. रस्ते खणले गेले, व्यापारी संतापले, आणि १९८३ च्या निवडणुकींत शेनार पडले. नवे आलेले महापौर ट्रामचे विरोधक; परंतु काम इतकें पुढें गेलें होतें कीं तें थांबवितां येईना. १९८५ त ट्राम सुरू झाली आणि लोकप्रिय झाली. पद ज्यानें गमावलें त्याच्या हातून उद्घाटन झालें नाहीं, एवढेंच.

दुसरें गांव स्ट्रासबुर्ग. तेथली जुनी ट्राम १९६० त गेली होती. १९८९ च्या निवडणुकींत वाद असा पेटला कीं भुयारी रेल्वे करावी कीं रस्त्यावरून ट्राम न्यावी. दुकानदारांचा कौल भुयाराकडे, आणि त्याचें कारण उघड होतें: भुयारामुळें रस्त्यावरच्या मोटारींना धक्का लागत नाहीं. कातरीन त्रोतमान ह्या बाई ट्रामच्या बाजूनें उभ्या राहिल्या व निवडून आल्या. ट्राम स्वस्त होती हें एक कारण; परंतु खरें कारण असें कीं ट्राम घातली म्हणजे मोटारींची जागा घ्यावीच लागते, आणि ती घ्यावी अशी त्यांची इच्छा होती. गांवाच्या मधोमध असलेल्या क्लेबेर चौकांतून मोटारींचा मार्ग १९९२ त बंद झाला, १९९४ च्या नोव्हेंबरांत ट्राम धांवली, आणि १९९५ त त्रोतमान पुन्हां निवडून आल्या.

हें वाचतांना आपल्याकडच्या भुयारी मेट्रोची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. आरेपासून कफ परेडपर्यंतचा तो मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरांत पुरा झाला. तो हवा होता. त्याचे उपकार कोणी नाकारणार नाहीं. पण लक्षांत घ्यावें कीं माणसांना जमिनीखालीं नेल्यामुळें वरच्या रस्त्याच्या वांटणीला कोणालाही हात लावावा लागला नाहीं. वर मोटारी होत्या तितक्या राहिल्या. स्ट्रासबुर्गच्या दुकानदारांना जें हवें होतें तें आपल्याला भांडणावांचून मिळालें.

ज्या गांवांनीं ट्राम मुळींच काढली नाहीं त्यांत मेलबर्न प्रमुख. तेथें ट्रामवेचे अध्यक्ष रॉबर्ट रिसन हे १९४९ पासून १९७० पर्यंत हटवादीपणानें आपल्या जागीं बसून राहिले, आणि सर्व जग रूळ उखडीत असतां त्यांनीं ते राखले. आपल्या देशांत कलकत्त्यानें तेंच केलें. तेथें घोड्यांची ट्राम मुंबईच्या आधीं एक वर्ष, १८७३ त, निघाली होती. मुंबईची जाऊन साठ वर्षें झालीं तरी ती चालूं होती. पण २०२४ त राज्य सरकारनें एक वारसामार्ग तेवढा ठेवून बाकीचे बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. कारण काय दिलें? वाहतुकीला अडथळा होतो.

मुंबईंत २०१७ सालीं फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराचें काम चालूं असतां डांबर खणतांना ट्रामचे रूळ सांपडले. ते इतकीं वर्षें तेथेंच होते. वरून मोटारी जात होत्या. बघ्यांची गर्दी झाली, वर्तमानपत्रांत छायाचित्रें आलीं, आणि ते जपून ठेवावे असें ठरलें. चार पावलांवर हुतात्मा चौकाच्या थांब्यावर संध्याकाळीं बसची रांग लागते. ती आजही तशीच लागते, आणि बस दिसली कीं मोटारींच्या मागून ती पुढें कधीं सरकते हें पाहत लोक उभे राहतात.